कुठपर्यंत चालू आहे?

टेलिफोन बंद पडला की शेजाऱ्यांच्या घरी जाऊन १९८ फिरवायचा, हे ज्या जबलपूरकरांना आठवतं त्यांनी कधी ना कधी माझा आवाज ऐकला असणार. इथल्या एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. जानेवारी २०२०च्या अखेरीस बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार जणांनी एकदम स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांतली मी एक.

१९८ वर ग्राहक सांगायचा एवढंच, "फोन डेड है." त्यावरून काही म्हणजे काही कळत नसे. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची लांबलचक लोखंडी चौकट असायची. शहरभरातून जमिनीखालून आलेल्या तारांच्या जोड्या एका बाजूला, एक्स्चेंजचं यंत्र दुसऱ्या बाजूला. त्या चौकटीवर ग्राहकाची जोडी शोधायची, तिथेच मध्ये तोडायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. यंत्राकडे डायल टोन आहे? मग यंत्र सुटलं. आता बाहेरची बाजू. लाइनमन खांबावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे घरोघरी तारा जातात त्या डब्यापर्यंत, चढून बोलायचा, "मैडम, यहाँ तक आवाज़ है." म्हणजे बिघाड डीपी ते घर एवढ्यातच. अशी हद्द आवळत आणली की शेवटी तो भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीत, म्हणजे रोझेटच्या एखाद्या गंजलेल्या स्क्रूत, नाहीतर कुंडीखाली दबलेल्या वायरीत सापडायचा.

आता राइट टाउनातल्या आमच्या गल्लीत हाक येते ती "मावशी, नेट गेलंय" अशी. मी चपला घालायच्या आधी विचारते, कुठपर्यंत चालू आहे? समोरचा गोंधळतो. नेट एक तर असतं किंवा नसतं, मध्ये काही असतं हेच त्याच्या गावी नसतं. मग तो कंपनीला फोन करतो आणि तिथला मुलगा सांगतो, "ऊपर से बंद है." वरून म्हणजे कुठून, असं विचारलं की भोपाळचं नाव येतं, कधी दिल्लीचं. कधीकधी ते खरंही असतं. पण मी पाहिलेल्या घरांमध्ये जास्त वेळा बिघाड उंबऱ्याच्या आत निघाला. तो शोधायला कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. रस्ता कसा आहे एवढं माहीत हवं.

रस्ता असा. खांबावरून एक काळी बारीक केबल घरात येते. तिच्या पोटात काचेचा तंतू असतो, केसाहून जरासा जाड, आणि त्यातून प्रकाश धावतो. हा तंतू भिंतीवरच्या किंवा टीव्हीजवळच्या पांढऱ्या डब्यात शिरतो. कंपनीची मुलं त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. तो प्रकाशाचे संदेश विजेच्या संदेशांत बदलतो. तिथून पुढे राउटर, राउटरपासून वायफाय, वायफायपासून तुमचा फोन, आणि फोनातलं ते विशिष्ट ॲप. हल्ली पुष्कळदा ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. ज्यांच्याकडे अजून तांब्याची जुनी टेलिफोन लाइन आहे त्यांच्याकडे ओएनटीच्या जागी मोडेम असतो, एवढाच फरक. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं आणि त्या वेगाचं आम्हाला कोण अप्रूप! २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. आज नातवाचा फोन १०० एमबीपीएसवरही कुरकुरतो.

तर पहिलं काम डब्यावरचे दिवे वाचणं. पॉवरचा दिवा लागलेला असावा. पॉन असं लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा. लॉस, म्हणजे इंग्रजी एल-ओ-एस, हा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल लुकलुकायला लागला तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी फोन, लॅपटॉप, वायफायचा पासवर्ड यांच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही, बिघाड डब्याच्या बाहेरच्या बाजूला आहे. फक्त घरातल्या घरात ती बारीक केबल डोळ्यांनी शेवटपर्यंत बघून घ्यावी. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवताना ती चेंगरते, दाराच्या बिजागरीत सापडते, खिळ्याला करकचून गुंडाळली जाते. तांब्याची तार कशीही वाकवा, विद्युत्प्रवाह वाहतोच. काच तशी नाही. वळण फार घट्ट झालं की प्रकाश वाकणीवरच बाहेर निसटतो आणि पुढे पोचेस्तोवर मंद होतो. सैल, मोठं वेटोळं ठेवावं. केबल डब्यातून काढून टोकात डोकावू नये. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो. टोकाला बोटही लावू नये. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक असतो, बोटाचा तेलकट ठसा त्याला पुरेसा होतो.

दिवे ठीक आहेत आणि तरी नेट नाही? मग सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय, बंद करून चालू करणं. लोक त्याला हसतात, मी हसत नाही. महिनोन्‌महिने न थांबता चाललेल्या राउटरची स्मृती भरते, कंपनीच्या यंत्राशी बांधलेली जोडणी अर्धवट लोंबकळत राहते. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, लावा, आणि मग दोन-तीन मिनिटं हात लावू नका. लोक चुकतात ते इथे. दिवे स्थिर व्हायच्या आत पुन्हा बंद, पुन्हा चालू. आणि एक कळकळीची विनंती. डब्याच्या मागे रीसेट लिहिलेलं एक बारीक भोक असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. आमच्या मागच्या घरातल्या सातवीतल्या चिरंजीवांनी आजीच्या शिवणाच्या डब्यातली सुई त्यात खुपसली आणि मनात दहा मोजले. बिघाड होता वेगळाच, तो तसाच राहिला. वर कंपनीने भरून दिलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं. रविवार होता. सोमवारी दुपारी माणूस आला तोवर घरात सुतक.

आता माझी एमडीएफवाली युक्ती. राउटरला मागे चौकोनी भोकं असतात, त्यांत लॅपटॉपची लॅन केबल थेट लावायची. एक-दोन मीटरची केबल जयंती कॉम्प्लेक्समध्ये कुठल्याही दुकानात मिळते, घरी असावीच. केबलवर नेट झकास चालतंय आणि वायफायवर रडतंय, तर कंपनी सुटली. बिघाड तुमच्या हवेत आहे. केबलवरही रडतंय, तर वायफाय सुटलं. रस्त्याचे दोन तुकडे झाले, आता एकाच तुकड्याशी भांडायचं. लॅपटॉप नसेल तर फोन घेऊन राउटरसमोर हातभर अंतरावर उभं राहा. तिथे ठीक आणि आतल्या खोलीत बेकार, याचा अर्थही जवळपास तोच.

वायफायकडे जरा थांबून बघायला हवं, कारण राइट टाउन, नेपियर टाउनमधली जुनी घरं या बाबतीत फार खट्याळ. शेजारचे काका उच्च न्यायालयाच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला. रोज रात्री जेवणानंतर व्हिडिओ कॉल आणि रोज रात्री मुलाचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजायचा. काकांनी प्लॅन बदलून अडीचपट पैशांचा घेतला. फरक शून्य. मी गेले तेव्हा राउटर बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसमध्ये, चांदीचा मुलामा दिलेला ताट-तांब्याचा सेट आणि मानपत्राची फ्रेम यांच्यामध्ये दडवून ठेवलेला. काकूंना ती वायरींची जत्रा पाहुण्यांसमोर नको होती, आणि त्यांचंही खरंच होतं. काका कॉल करायचे झोपायच्या खोलीतून. मध्ये दीड फुटाची विटांची भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट, त्याला पूर्ण उंचीचा आरसा. शोकेससमोर माझ्या फोनवर वेग आला ९०. पलंगावर बसून तोच वेग ४.

धातू वायफायच्या लहरी परतवतो. आरशाच्या मागे धातूचाच मुलामा असतो. पाणी त्या शोषून घेतं, म्हणून माशांची काचपेटीही आड येते. जाड भिंत त्यांना दमवते. राउटर शोकेसमधून काढून मधल्या बोळातल्या दाराच्या चौकटीवर, डोक्याच्या उंचीला बसवला, तिथून झोपायच्या खोलीचं दार सरळ रेषेत येत होतं. त्यासाठी काचेची केबल थोडी लांबवून घ्यावी लागली. आता पलंगावर ४० च्या आसपास वेग येतो आणि व्हिडिओ कॉलला तो भरपूर होतो. प्लॅन त्यांनी पुन्हा जुना घेतला.

राउटर बहुधा दोन नावांनी वायफाय दाखवतो, एकाच्या शेपटीला ५ जी असं लिहिलेलं असतं. मोबाइलच्या ५ जीशी त्याचा काडीचा संबंध नाही. एक २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं, दुसरं ५ गिगाहर्ट्‌झवर. पहिलं भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांची गर्दी. ओव्हनच्या लहरी साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे बरोबर त्याच ठिकाणी. दुसरं वेगवान, पण भिंतीला घाबरतं. राउटरच्या खोलीत ५ जीवालं नाव निवडा, लांबच्या खोलीत दुसरं. आपल्या जुन्या लॅपटॉपला ५ जीवालं नाव दिसतच नसेल तर तो बिघाड नव्हे, त्या पिढीच्या पुष्कळ यंत्रांना ते ऐकूच येत नाही.

केबलवरही नेट अडखळत असेल तर पिंग करून बघावं, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजावं. विंडोजमध्ये स्टार्टवर टिचकी मारून इंग्रजीत सी-एम-डी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. घाबरू नका, तिच्यात काही मोडत नाही. पी-आय-एन-जी लिहा, जागा सोडा आणि राउटरचा पत्ता लिहा. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, डब्याच्या तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला सापडतो. एंटर मारलं की चार ओळी येतात. पत्ता, आकडे सगळं अर्थात इंग्रजी कळांनी. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आलं, तर घर सुटलं. आता तेच ८.८.८.८ ला करा. हे गूगलचं सार्वजनिक यंत्र आहे, सगळ्या जगाला उत्तर देतं. इथून साधारण वीस, तीस, चाळीस असे आकडे दिसतात. आकडा एकदम ३०० वर उडतोय, मध्येच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतंय आणि राउटरचा आकडा मात्र स्थिर आहे, असं असेल तर बिघाड राउटरच्या पलीकडे. अर्थात त्या वेळी घरात दुसरं कोणी नेट ओरबाडत नाही ना, हे आधी बघायचं, त्याकडे येतेच. पिंगचा हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस या गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, अमेरिकन लष्कराच्या तोफगोळ्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत. १९०४ पासून गन कॅरिज फॅक्टरी सांभाळणाऱ्या आमच्या गावाला हे ऐकून उगीच जवळीक वाटते.

कधी ८.८.८.८ उत्तर देतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही. तेव्हा बंद पडलेली असते नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सोय, जिला डीएनएस म्हणतात. जुन्या १९७ सारखीच, नाव सांगा, नंबर घ्या. राउटर बंद-चालू करून ती बहुतेकदा परत येते. आणखी एक गमतीदार बिघाड जुन्या डेस्कटॉपचा. नेट आहे, पण प्रत्येक साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून हाकलते. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची निघाली तर आतली रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तारीख चुकीची असली की साइटची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला अवैध वाटतात. बॅटरी स्वस्तात येते.

"नेट आहे पण हळू आहे" ही तक्रार सगळ्यात फसवी. दोन गोष्टी आधी बघाव्यात. प्लॅनमधला वेगाचा डेटा संपलाय का? अनेक प्लॅनमध्ये ठरावीक जीबी वापरून झाले की वेग पार खाली येतो आणि माणूस महिनाअखेरीस राउटरला दोष देत बसतो. दुसरं, घरात वर पाठवणं कोण करतंय? लग्नाहून परतलेल्या पोरांचे फोन वायफाय मिळताच सगळे फोटो-व्हिडिओ ढगात चढवायला लागतात, मुकाट, पडद्यावर काही न दाखवता. वर जाणारा रस्ता भरला की आपला कॉल तुटतो आणि प्रत्येक पिंगचा आकडा फुगतो. त्या फोनांचा वायफाय थोडा वेळ बंद करून बघा. आणि तुमच्या १०० एमबीपीएसमध्ये सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच फाइल उतरते. एमबीपीएस बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट. यात कंपनी लबाडी करत नाही.

मग आपला निसर्ग. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ वर जातो. बंद कपाटात, इन्व्हर्टरशेजारी कोंबलेला राउटर दुपारी मान टाकतो आणि रात्री शहाणा होतो. त्याला मोकळी हवा द्या. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की अडॅप्टरचा प्लग काढा. काचेतून वीज येत नाही, पण घरच्या विजेच्या लाइनीतून येते, लॅन केबल गच्चीवरून नेली असेल तर तिच्यातूनही. वीज गेली की नेट जातं, अशी तक्रार असेल तर राउटरसोबत ओएनटीही इन्व्हर्टरवर आहे का ते बघा. लोक एकालाच जोडतात. मदन महलच्या टेकड्यांकडच्या वस्तीत वानरं केबलीवर झोके घेतात. २०१५ मध्ये वाराणसीत घाटाकाठी टाकलेली फायबर केबल माकडांनी कुरतडल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं.

एवढं तपासून बिघाड बाहेरचा ठरला, तर मगच कंपनीला फोन. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. गूगलवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअरच्या नंबरांत भामट्यांचे नंबर मिसळलेले असतात. "एक ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. खऱ्या कंपनीने दिलेला तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. मुदतीत काम झालं नाही, तर ट्रायच्या नियमांप्रमाणे कंपनीतल्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न डॉकेट नंबरचाच असतो.

फोनवर "नेट नहीं चल रहा" म्हणू नका. "लॉस लाल आहे, संध्याकाळी सातपासून" म्हणा. किंवा "केबलवर तपासलंय, राउटरचं पिंग ठीक आहे, ८.८.८.८ तुटतंय, रोज रात्री नऊनंतर" असं. पलीकडचा माणूस लगेच सावरून बसतो. यासाठी एखाद्या जुन्या डायरीत वेळ आणि दिवे टिपून ठेवावेत. एका घरी अशा नोंदींवरून दिसलं की नेट पाऊस पडला की जातं आणि उन्हाने परत येतं. कंपनीच्या मुलाने त्याआधी दोनदा राउटर बदलून दिला होता, ते कोरडा दिवस बघूनच. नोंद दाखवल्यावर तो थेट खांबावर चढला. जॉइंटच्या डब्याचं झाकण तडकलेलं, आत पाणी.

त्याच्याकडे प्रकाश मोजायचं छोटं मीटर असतं. त्या दिवशी आधी त्यावर उणे २९ आलं, जॉइंट नव्याने केल्यावर उणे १९. आकडा शून्यापासून जितका लांब तितका प्रकाश मंद. दर तीन अंकांना तो निम्मा होतो आणि उणे २७ च्या पुढे बहुतेक ओएनटी हात टेकतात. मुलगा मीटर पिशवीत टाकण्याआधी त्याला तो आकडा विचारा आणि तारखेसह ओएनटीच्या पाठीवर मार्करने लिहा. पुष्कळ ओएनटींच्या स्वतःच्या पानावरही तो दिसतो, कुठे बघायचा ते त्याच्याकडूनच शिकून घ्या. पुढच्या आषाढात तो उणे २४ वर घसरलेला दिसला, तर नेट जायच्या आधीच तक्रार नोंदवता येते.